क्लिक म्हणजे नेमकं काय वाजतं?

आत्याच्या नातीने पुण्यात एका मुलाची भेट घेतली, घरच्यांनीच ठरवलेली, कॉफी वगैरे, आणि रात्री आत्याला फोन करून सांगितलं, "आजी, मुलगा चांगलाय गं, पण क्लिक नाही झालं." आत्याने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "फोटो नाही निघाला म्हणतेय. मग परत काढा की, त्यात काय एवढं!"

आम्ही ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागात, जीवाजीगंजाकडच्या एका जुन्या वाड्यात राहतो, आत्या खाली आणि आम्ही वर. मी घरीच मुलांना कंप्युटर आणि इंग्लिश शिकवते, त्यामुळे असले प्रश्न फिरून माझ्याकडेच येतात. मी तिला म्हटलं की फोटोचं नाही गं, मनं जुळली नाहीत असं म्हणायचंय तिला. तर आत्या म्हणाली, "मग बँकेतला मुलगा म्हणतो, माताजी यहाँ क्लिक करो, ते काय? आणि तू रोज ओरडतेस की लिंकवर क्लिक करू नकोस, ते काय? एकच शब्द आणि तीन ठिकाणी तीन अर्थ. आणि माझ्या फोनमधे तर काही वाजत पण नाही."

आत्याचं अगदी बरोबर होतं. आपण दिवसातनं वीस वेळा हा शब्द बोलतो आणि तो मुळात एका आवाजाचं नाव आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. तेव्हा तिला दोन वाक्यात उरकलं मी, पण तो प्रश्न डोक्यातनं गेला नाही, म्हणून आता सगळं नीट सांगते.

तर सुरुवात आवाजापासूनच. क्लिक म्हणजे बारीक, कोरडा, सुरू झाला म्हणेपर्यंत संपलेला आवाज. कडी बसली, पेनचं टोपण लागलं, डब्याचं झाकण बसलं, की होतो तो. इंग्लिशमधे हा शब्द सोळाव्या शतकापासून सापडतो आणि तो कुठल्या मोठ्या धातूवरून वगैरे आलेला नाही, कानाला जे ऐकू आलं तेच तोंडाने म्हटलं, बस. आपल्याकडे टिक्, टक्, खट्, कट् हे तसेच आलेत. आणि यात एक गंमत आहे जी दोन्ही भाषांत सारखीच आहे. इंग्लिशमधे क्लिक छोटा, क्लॅक त्याहून मोठा, क्लंक एकदम जड, म्हंजे मधला स्वर बदलला की वस्तूचं वजन बदलतं. आपल्याकडे टिकटिक मनगटावरच्या घड्याळाची आणि टकटक दारावरची, किणकिण छोट्या घंटीची आणि खणखण मोठ्या भांड्यांची. इकार आला की वस्तू बारीक होते. हे कोणी शिकवत नाही, लहान मुलालाही आपोआप कळतं.

आता हा आवाज होतो कसा ते बघायचं असेल तर आमच्या मेळ्यात मिळायचा तो पत्र्याचा बेडूक आठवा. ग्वाल्हेरचा मेळा १९०५ साली माधवराव शिंद्यांनी सुरू केला, दर हिवाळ्यात भरतो, आणि आमच्या लहानपणी तिथे हिरवा रंग दिलेला पत्र्याचा बेडूक मिळायचा, पोटाखाली पोलादाची एक पट्टी. पट्टी अंगठ्याने दाबली की टिक्, सोडली की टक्. माझ्याकडचा रंग उडालेला बेडूक अजून ड्रॉवरमधे आहे, मी मुलांना तोच दाखवते. त्या पट्टीच्या मधोमध एक हलकासा फुगवटा असतो. तुम्ही दाबत जाता तेव्हा पट्टी आधी नुसती वाकते, काही होत नाही, वाकते, वाकते, आणि एका ठराविक जागी तिला ते सहन होत नाही आणि फुगवटा एकदम उलटा होतो. हळूहळू होतच नाही ते. एकतर या बाजूला नाहीतर त्या बाजूला, मधे थांबायला जागाच नाही. त्या उडीचा आवाज म्हणजे क्लिक.

याच साध्या बेडकाने युद्धातही काम केलंय. दुसऱ्या महायुद्धात, ६ जून १९४४ च्या रात्री, अमेरिकेचे छत्रीधारी सैनिक फ्रान्समधे अंधारात उतरले तेव्हा त्यांच्यातल्या १०१ नंबरच्या तुकडीकडे असलीच पितळी टिकटिकी होती, बर्मिंगहॅमला बनलेली. झुडपामागे कोणीतरी आहे असं वाटलं की एकदा वाजवायचं, समोरून दोनदा उत्तर आलं तर आपला माणूस.

कंप्युटरच्या माउसच्या आत पण हीच पट्टी आहे, फक्त नखाएवढी. म्हणून माउसचं बटण दाबताना बोटाला आधी थोडा विरोध लागतो आणि मग एकदम टिक् होतं. माउस बनवला डग्लस एंगेलबार्ट यांच्या टीमने, अमेरिकेत, १९६४ च्या सुमारास, पहिला तर लाकडी होता, आणि ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोमधे त्यांनी तो लोकांसमोर चालवून दाखवला. पुढे १९८३ मधे ॲपलचा लिसा नावाचा कंप्युटर आला, त्याच्या माउसला एकच बटण होतं, त्यामुळे एकाच बटणातनं दोन कामं काढायला डबल क्लिक लागलं. म्हंजे निवडायचं असेल तर एकदा, उघडायचं असेल तर दोनदा. आणि इथे तो शब्द आवाजावरून कामावर सरकला. आधी क्लिक म्हणजे बटणाचा आवाज, मग क्लिक म्हणजे बटण दाबणं, आणि मग बटण दाबून जे काय होतं ते सगळं क्लिक.

आत्याच्या फोनमधे काही वाजत नाही कारण काचेखाली पट्टीच नाही, उडी मारायला काही नाहीच. तुमच्या बोटामुळे काचेवरच्या विजेत बारीकसा फरक पडतो आणि तो फोनला कळतो. खरं तर तिथे "बोट लाव" म्हणायला पाहिजे, पण शब्द आधीच रुळलेला होता, तो तसाच काचेवर आला. पण माणसाला त्या टिक् ची इतकी सवय झालीय की कंपन्यांना तो खोटा तयार करून द्यावा लागतो. २०१६ च्या आयफोन ७ मधलं खालचं गोल बटण खाली जातच नव्हतं, आत एक छोटी मोटर बोटाला असा काही झटका द्यायची की दाबल्यासारखं वाटायचं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. काम तर झालं असतं आवाजाशिवाय पण, पण आपल्या जिवाला पावती लागते. झालं की नाही? झालं. तो टिक् ही पावती आहे.

हे एकदा कळलं ना, की बाकीचे अर्थ आपोआप सुटतात.

फोटोचंच घ्या. जुन्या रीळवाल्या एसएलआर कॅमेऱ्यात आत एक आरसा असायचा, त्यातनं आपल्याला समोरचं दिसायचं. बटण दाबलं की आरसा वर उडायचा, मागचा पडदा उघडायचा, मिटायचा, आरसा परत खाली. हे सगळं मिळून तो "खचॅक". म्हंजे तो आवाज म्हणजे आत चाललेल्या चार कामांची बेरीज होती. मोबाईलमधे आरसा नाही आणि पडदाही नाही, तिथला आवाज रेकॉर्ड केलेला आहे, गाण्यासारखा वाजवलेला. जपानमधे आणि दक्षिण कोरियात विकल्या जाणाऱ्या फोनमधे तो बंदही करता येत नाही अशी पद्धत आहे, चोरून कोणाचे फोटो काढू नयेत म्हणून. पावती फोटो काढणाऱ्याला तर मिळतेच, ज्याचा फोटो काढला त्यालाही मिळाली पाहिजे.

आणि अजून एक, जे मी मुलांना मुद्दाम सांगते. "फोटो क्लिक कर" हे आपलं, भारतातलं इंग्लिश आहे. इंग्लंड-अमेरिकेत लोक फोटो "घेतात", क्लिक करत नाहीत, तिकडे क्लिक कॅमेरा करतो. मला यात काही चूक वाटत नाही हं. आपण पण "फोटो काढतो" आणि "फोटो खेचतो", हिंदीत "खींचते हैं", मग क्लिक पण करतो. परीक्षेत वेगळं लिहा एवढंच.

आता नातीचा क्लिक. इंग्लिशमधे दोन माणसं क्लिक झाली म्हणजे पहिल्या भेटीतच जमलं, कडी बसावी तसं. हा अर्थ विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून वापरात आहे. आणि "इट क्लिक्ड" म्हणजे जे इतका वेळ कळत नव्हतं ते एकदम कळलं. दोन्हीत तीच पत्र्याच्या पट्टीची उडी आहे. आपण म्हणतो सूत जुळलं, नाळ जुळली, पत्रिका जुळली तरी मनं जुळायला पाहिजेत. आणि कळण्यासाठी आपल्याकडे एक इतका चपखल वाक्प्रचार आहे की मला त्याचा अभिमान वाटतो, तो म्हणजे ट्यूब पेटली. जुनी ट्यूबलाइट आठवून बघा. बटण दाबलं की लगेच नाही लागायची. बाजूला तो छोटा डबीसारखा स्टार्टर असायचा, त्याच्या आत दोन वेगवेगळ्या धातूंची चिकटवलेली पट्टी, ती तापली की वाकून चिकटायची, गार झाली की सुटायची, आणि सुटताना चोकमधनं विजेचा जोरदार धक्का ट्यूबला बसायचा. टिक्, फडफड, टिक्, फडफड, आणि मग लख्ख. म्हंजे ट्यूब पेटायच्या आधी खरोखरचा क्लिक व्हायचाच! ज्याने कोणी हा वाक्प्रचार पहिल्यांदा वापरला त्याला इंग्लिश क्लिकची काही गरज नव्हती, त्याने स्टार्टर ऐकला होता. आत्याला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हं, आता पेटली."

पण मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते खटका या शब्दाने.

बघा, क्लिक या आवाजाला मराठीत सगळ्यात जवळचा शब्द खटका. आमच्याकडे वाड्यात अजून दिव्याच्या बटणाला खटकाच म्हणतात, "जिन्यातला खटका दाब जरा." दाराच्या कडीला खटका असतो, बंदुकीला असतो. सगळीकडे तोच खट्. मग माणसांकडे वळा. इंग्लिशमधे दोघांत क्लिक झालं म्हणजे जमलं, आणि मराठीत दोघांत खटका उडाला म्हणजे भांडण! सासूसुनेत खटके उडतात, पार्टनरशी खटके उडतात. एखादी गोष्ट मनाला खटकते म्हणजे बोचते, रुतते, बरोबर वाटत नाही. आवाज एकच, कान वेगळा. इंग्रजाने खट् ऐकलं आणि त्याला वाटलं कडी बसली. आपण खट् ऐकलं आणि आपल्याला वाटलं दोन कडक गोष्टी एकमेकांवर आपटल्या. दोन्ही खरंच आहे, भांड्याला भांडं लागतं तेव्हाही खट् होतं आणि डब्याला झाकण बसतं तेव्हाही खट् होतं.

इथे ग्वाल्हेरला आम्ही घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी बोलतो, त्यामुळे तिसरा कान पण आहे. हिंदीत "मुझे खटका हुआ" म्हणजे भीती वाटली, काहीतरी गडबड आहे असा संशय आला, रात्री दारावर खट् वाजावं तसं. आणि "बेखटके" म्हणजे बिनधास्त, न घाबरता. म्हंजे एकाच आवाजाचे तीन भाषांत तीन हिशेब, एकाने जमवलं, एकाने भांडण लावलं, एकाने घाबरवलं.

आणि चौथा हिशेब गाण्याचा. हे गायक कृष्णराव शंकर पंडितांचं गाव, इथे गल्लीत गाणं शिकणारं एखादं पोर असतंच, आणि त्याला खटका विचारलात तर तो भांडणाबद्दल बोलणार नाही. गाण्यात खटका म्हणजे एका स्वराच्या आजूबाजूचे दोनतीन स्वर झटक्यात, जोर देऊन, एका घावात घ्यायचे. तेच नाजूकपणे, हलक्याने घेतले की मुरकी. खटका नीट लागला की ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते. म्हंजे इथे खटका जमलेला आहे, खटकलेला नाही. नातीला मी फोनवर हेच सांगितलं की तुझं ते क्लिक म्हणजे गाण्यातला खटका गं, घरातला नाही, तर ती इतकी हसली की आत्याने फोन ओढून घेतला.

क्लिकला मराठीत काय म्हणायचं यावर इंटरनेटवर बरंच झालंय. मराठी विकिपीडियावर आणि काही साइट्सवर "टिचकी मारा" असं लिहिलेलं दिसतं. मला टिचकी आवडते, कॅरमच्या सोंगटीला मारतो ती, नखाने पटकन, आणि आवाजही तसाच येतो. पण बोलण्यात नाही आली ती, माझ्या क्लासमधे आजपर्यंत एकाही मुलाने म्हटलेली नाही. उलट जाहिरातीत "एका क्लिकवर" लिहितात त्याला आपल्याकडे तयार शब्द होताच, चुटकीसरशी! चुटकी वाजवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात. आणि इंग्लंडमधे बोटांनी चुटकी वाजवण्याला पण क्लिकच म्हणतात, म्हंजे फिरून तिथेच आलो.

आता तोंडातला क्लिक. हे वाचताना करून बघा, नुसतं वाचू नका.

कोणी वाईट बातमी सांगितली की आपण जीभ वरच्या दातांच्या मागे लावून "च्च् च्च्" करतो ना? किंवा लहान मूल जेवायला नको म्हणतं तेव्हा मान उडवून नुसतं "च्क्"? याला अक्षर नाही. मी च, क जोडून लिहिलं खरं, पण त्यात ना च आहे ना क. भाषाशास्त्रात याला क्लिकच म्हणतात. आपण जे बाकी सगळं बोलतो ते फुफ्फुसातली हवा बाहेर सोडून बोलतो. क्लिकमधे फुफ्फुसाचा संबंधच नाही. जीभ पुढे दातांना आणि मागे टाळूला अशी दोन ठिकाणी चिकटते, मधे थोडी हवा अडकते, जीभ जरा खाली ओढली की तिथे पोकळी होते, आणि पुढचं टोक सुटलं की बाहेरची हवा आत घुसते. टच्! खात्री करून घ्यायची असेल तर तोंड बंद न करता नाकातनं "ङ्ङ्ङ्ङ" असा सूर लावा आणि तो चालू असतानाच च्च् च्च् करा. सूर तुटत नाही. कारण श्वास एका रस्त्याने चाललाय आणि क्लिक वेगळ्याच छोट्या खोलीत होतोय.

आपण हा आवाज हळहळायला, नाही म्हणायला वापरतो. दक्षिण आफ्रिकेत मात्र तो क, ख, ग सारखा व्यंजन आहे, शब्दाच्या मधे येतो. नेल्सन मंडेलांची मातृभाषा, जिला आपण खोसा म्हणतो, तिच्यात असे तीन मूळ क्लिक आहेत. इंग्लिश लिपीत ते सी, क्यू आणि एक्स या अक्षरांनी लिहितात. सी म्हणजे आपला हळहळण्याचा च्च्. क्यू म्हणजे जीभ टाळूला लावून खाली आपटली की बाटलीचं बूच उडाल्यासारखा टॉक् होतो तो, मुलं घोड्याच्या टापा काढतात तशी. आणि एक्स म्हणजे जिभेच्या कडेने, गालाच्या बाजूने काढायचा. हा शेवटचा आमच्या पिढीला माहितीय, कारण स्टेशनवरून बाड्यावर, म्हंजे इथल्या मोठ्या चौकात, यायला टांगा असायचा तेव्हा टांगेवाला घोड्याला हाच आवाज करायचा, गालातल्या गालात, लगाम जरासा हलवून. आणि खोसा या भाषेचं नावच त्या एक्सने सुरू होतं! म्हंजे आपण "खोसा" म्हणतो ते खरं तर टांगेवाल्याच्या आवाजाने सुरू करून पुढे "ओसा" म्हणायला पाहिजे. हे आवाज खोसा आणि झुलू लोकांनी शेजारच्या, त्यांच्याहून आधी तिथे राहणाऱ्या खोइसान भाषा बोलणाऱ्यांकडून उचलले. शब्दच काय, अख्खे आवाज शेजाऱ्याकडून घरात येतात. आम्हा ग्वाल्हेरच्या मराठी लोकांना हे वेगळं सांगायला नको, आमच्या मराठीत निम्मी हिंदी कधी आली ते आम्हालाच कळलं नाही.

जिभेच्या क्लिकचा अजून एक उपयोग आहे, तो वाचला तेव्हा मी बराच वेळ डोळे मिटून बसले होते. डॅनियल किश नावाचे एक अमेरिकन गृहस्थ आहेत, कॅन्सरमुळे १३ महिन्यांचे असतानाच त्यांचे दोन्ही डोळे गेले. ते जिभेने क्लिक करत चालतात आणि परत येणाऱ्या आवाजावरून समोर भिंत आहे, झाड आहे, का मोकळं आहे ते ओळखतात, सायकल पण चालवतात, आणि दुसऱ्या अंध मुलांना हे शिकवतात. हे क्लिकनेच का जमतं, गाणं म्हणून का नाही? कारण आवाज लांबला की प्रतिध्वनी त्याच्यातच मिसळून जातो. आवाज एका सेकंदात साधारण ३४० मीटर जातो, म्हंजे साडेतीन मीटरवरच्या भिंतीवरून परत यायला सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो फक्त. तेवढ्यात आपला आवाज संपलेला पाहिजे, आणि क्लिक तेवढ्यात संपतो. शिवाय त्या एवढ्याशा टिक् मधे बारीक-जाड सगळे सूर एकदम असतात, त्यामुळे भिंत, कुंपण, पडदा, प्रत्येकावरून तो वेगळा होऊन परत येतो. वटवाघळांतली रूसेटस जात पण जिभेनेच क्लिक करून गुहेत उडते, बाकीची बहुतेक घशातनं, आपल्याला ऐकू न येणारे आवाज काढतात. आणि समुद्रात स्पर्म व्हेल क्लिकनेच शिकार शोधतो आणि क्लिकनेच एकमेकांशी बोलतो, ठराविक लयीत, आणि वेगवेगळ्या टोळ्यांची लय वेगवेगळी असते, बोलीभाषाच म्हणा ना.

बाकीचे अर्थ पटापट सांगते. गाडीत सीटबेल्टचा क्लिक, अमेरिकेत त्यावरून "क्लिक इट ऑर टिकेट" अशी मोहीमच निघाली १९९३ मधे, नॉर्थ कॅरोलायनातनं, म्हंजे बेल्ट लावा नाहीतर पावती फाडा. अमेरिकन फौजी बोलण्यात क्लिक म्हणजे किलोमीटर, त्याचं स्पेलिंग के ने करतात, आवाजाशी गल्लत करू नका. हृदयाची झडप जरा सैल असेल तर डॉक्टरांना स्टेथोस्कोपमधे ठोक्यांच्या मधे एक बारीक टिक् ऐकू येतो, त्यालाही क्लिक म्हणतात, रिपोर्टमधे तो शब्द दिसला तर त्याचा अर्थ डॉक्टरांनाच विचारा. आणि २०२२ चं केमिस्ट्रीचं नोबेल ज्या कामाला मिळालं, शार्पलेस, मेल्डाल आणि बर्टोझी या तिघांना, त्याचं नावच क्लिक केमिस्ट्री. दोन रेणू सीटबेल्टसारखे पटकन आणि पक्के एकमेकांत बसावेत, मधे फालतू कचरा तयार होऊ नये, अशी ती रसायनांची जोडणी. इतक्या मोठ्या शास्त्रज्ञांना पण दुसरा शब्द सुचला नाही, कडी बसल्याचाच आठवला.

शेवटी आत्याचा तिसरा प्रश्न, लिंकवरचा क्लिक. वेबसाइटवरची पट्टीसारखी पहिली जाहिरात १९९४ च्या ऑक्टोबरमधे लागली, आणि तेव्हापासून क्लिक मोजायला सुरुवात झाली, आणि पुढे प्रत्येक क्लिकचे पैसे ठरायला लागले. पेपरच्या जाहिरातीत कोणी वाचलं ते कळत नाही, इथे पावती पडते. आणि जिथे पावतीचे पैसे मिळतात तिथे लोक पावती फाडायला काहीही लिहितात, "हे बघून तुम्ही हादराल", "सातवा फोटो बघाच". त्याला क्लिकबेट म्हणतात, गळाला लावलेलं गांडूळ. ते निदान वेळच खातं. पण बँकेचं, वीजबिलाचं, पार्सलचं नाव घेऊन जी लिंक येते तिचा गळ तुमच्या खात्यात असतो. आमच्याच गल्लीत एका काकांचे पैसे असे गेले, वीज आज रात्री कापणार असा मेसेज, खाली लिंक. पत्र्याच्या पट्टीचं मी मघाशी काय म्हटलं ते इथे लक्षात घ्या, अर्धा क्लिक नसतो. बोट लागलं की लागलं. म्हणून बोट लावायच्या आधीच थांबायचं, बँकेचं काम असेल तर बँकेच्या स्वतःच्या ॲपमधे जाऊन करायचं, आणि चुकून पैसे गेलेच तर लगेच, त्याच मिनिटाला, सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या १९३० या नंबरला फोन करायचा.

हे सगळं आत्याला तीन संध्याकाळी थोडं थोडं करून सांगितलं, चहाबरोबर. खोसाचा भाग तिला सगळ्यात आवडला, ती दोन दिवस टांगेवाल्याचा आवाज काढत होती. परवा मी खाली गेले तर ती फोन डोळ्यांजवळ धरून बसलेली, तिला मेसेज आलेला की तुमचं खातं आज बंद होईल, खाली निळी लिंक. मी काही बोलायच्या आत तिने माझ्याकडे बघितलं, मान वर उडवली, जीभ दातांना लावून "च्क्" केलं, आणि फोन उशीखाली सारला.